एप्समचे कडू मीठ आणि गरोदरपणातील झटके

गरोदरपणाच्या उत्तरार्धात, प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत स्त्रीला एकाएकी जे झटके येतात त्यांना वैद्यकात एक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि त्याआधीची, रक्तदाब चढलेला असून बहुधा लघवीतून प्रथिन जाऊ लागलेले असते ती अवस्था प्री-एक्लॅम्प्सिया या नावाने ओळखली जाते. या झटक्यांवर आज जगभर सर्वांत आधी दिले जाणारे औषध कोणत्याही प्रयोगशाळेत जुळवून तयार केलेले रसायन नाही. ते मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे इंग्लंडमधील एप्सम गावच्या विहिरीतून निघणारे आणि दोन शतकांहून अधिक काळ पोट साफ करण्यासाठी विकले गेलेले कडू मीठ आहे. हे मीठ पेशीच्या पातळ आवरणावर, म्हणजे पेशीपटलावर, काम करते; परंतु त्या आवरणातून क्षारांचे कण आतबाहेर कसे जातात हे कोणाला नीट उमगण्यापूर्वीच ते बाळंतिणीच्या खाटेपाशी पोचले होते. औषध आधी आणि समजूत मागाहून, या क्रमामुळे एका मोठ्या वैद्यकीय वर्गाने त्यावर विश्वास ठेवायला जवळजवळ सत्तर वर्षे घेतली, आणि हा विलंब या औषधाच्या इतिहासातील सर्वांत बोलका भाग आहे.

लंडनच्या दक्षिणेस सरे परगण्यात असलेल्या एप्समच्या माळावर १६१८ च्या उन्हाळ्यात एका गुराख्याला डबक्यातील पाणी तहानलेली गुरेही तोंडाला लावीत नाहीत असे दिसले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, पुढच्या काही दशकांत लोक त्या कडू पाण्यासाठी एप्समला जाऊ लागले. आपल्या रोजनिशीमुळे प्रसिद्ध झालेला सॅम्युअल पीप्स हाही १६६७ च्या जुलैमध्ये तेथे पाणी पिऊन आला. १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू या वैद्याने त्या पाण्यातील क्षारावर लॅटिनमध्ये पुस्तिका लिहिली, तो क्षार वेगळा काढून विकण्याचा परवाना मिळवला आणि लवकरच नकली माल विकणाऱ्या औषधविक्यांशी त्याचे भांडण जुंपले. जोसेफ ब्लॅकने १७५५ च्या सुमारास मॅग्नेशिया आणि चुना हे दोन निराळे पदार्थ आहेत असे दाखवले, १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने मॅग्नेशियम हा धातू वेगळा केला, आणि एवढे होऊनही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घराघरांत या मिठाची ओळख जुलाबाचे औषध एवढीच राहिली.

झटक्यांचा इतिहास याहून पुष्कळ जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अपतानक नावाचा, शरीर ताणून वाकवणारा वातविकार सांगितला असून तो गर्भपातामुळे, अतिरक्तस्रावामुळे किंवा आघातामुळे झाला असेल तर असाध्य मानला आहे. या वर्णनात आजच्या वाचकाला एक्लॅम्प्सियापेक्षा धनुर्वात अधिक दिसतो. तरीही बाळंतपणातील मृत्यूच्या छायेत या दोन आजारांची नावे शेजारी शेजारी येणे पुढच्या कथेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. युरोपात १६६८ मध्ये पॅरिसच्या फ्रांस्वा मोरिसोने पहिलटकरणींना या झटक्यांचा धोका अधिक असतो असे नोंदवले. १८४३ मध्ये लंडनच्या गाइज रुग्णालयातील जॉन लिव्हरने झटके आलेल्या स्त्रियांची लघवी तापवून पाहिली आणि तिच्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे गोठणारे प्रथिन त्याला आढळले. रक्तदाब मोजण्याचे पट्ट्याचे यंत्र १८९६ मध्ये रिव्हा-रोच्चीने तयार केले आणि पुढच्याच वर्षी व्हाके व नोबेकूर या फ्रेंच वैद्यांनी एक्लॅम्प्सियात दाब वाढलेला असतो हे दाखवून दिले. अशा रीतीने आजाराची तिन्ही ठळक लक्षणे हाती आली, पण कारण सापडले नाही. गर्भाशयात गर्भ नसून केवळ द्राक्षांच्या घडासारखी फुगलेली वार असली तरी, म्हणजे द्राक्षगर्भ असतानाही, हे झटके येऊ शकतात, यावरून दोष वारेकडे आहे एवढे अनुमान निघाले. मात्र वार नेमके काय करते यावर इतकी मते पुढे आली की १९१६ मध्ये त्स्वाइफेल या जर्मन प्रसूतितज्ज्ञाने या आजाराला सिद्धान्तांचा आजार असेच म्हणून टाकले.

कारण ठाऊक नसले तरी उपचार करावेच लागत. शीर तोडून रक्त काढणे, घाम व जुलाब आणवणे, घाईने प्रसूती उरकणे हे मार्ग दीर्घकाळ चालत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियातील व्हासिली स्ट्रोगानोव्ह याने वेगळी वाट धरली: स्त्रीला अंधाऱ्या, निःशब्द खोलीत ठेवायचे, मॉर्फिन आणि क्लोरल हायड्रेट देऊन गुंगीत ठेवायचे आणि तिच्या अंगाला शक्य तितका कमी हात लावायचा. या पद्धतीने मृत्यू घटले, आणि बहुधा ते गुंगीच्या औषधांइतकेच इतरांची धसमुसळी ढवळाढवळ थांबल्यामुळे घटले असावेत. झटका म्हणजे मेंदूची खळबळ, आणि खळबळीवर उतारा म्हणजे गुंगी, हे समीकरण मात्र त्यानंतर युरोपातून आणि युरोपच्या वैद्यकावर वाढलेल्या देशांतून पक्के झाले. भारतात त्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे मद्रासचे प्राध्यापक एम. के. कृष्ण मेनन यांनी १९६१ मध्ये जगापुढे मांडलेले क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन आणि पेथिडिन यांचे मिश्रण. लिटिक कॉकटेल या नावाने ते देशभरातील प्रसूतिगृहांत अनेक वर्षे वापरले गेले.

मॅग्नेशियमची वाट याच सुमारास, परंतु वेगळ्या गावातून निघाली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सॅम्युअल मेल्टझर आणि जॉन आउअर यांनी १९०५ पासून प्राण्यांना मॅग्नेशियमचे क्षार टोचून पाहिले, तेव्हा तोंडावाटे घेतल्यास केवळ जुलाब होणारे हे मीठ रक्तात गेले की स्नायू ढिले पडतात आणि मात्रा वाढल्यास श्वासही मंदावतो असे त्यांना दिसले. त्याहून विस्मयकारक असा प्रयोग १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅग्नेशियमने लुळा होऊन कुशीवर पडलेला ससा घ्यावा आणि त्याच्या शिरेत थोडा कॅल्शियमचा क्षार सोडावा, की एखाद्या मिनिटाच्या आतच तो उलटून चार पायांवर उठून बसतो. एका क्षाराने बंद केलेले दुसऱ्याने उघडले जाते, हे दृश्य पाहणाऱ्याला विसरता येण्यासारखे नव्हते, परंतु त्याचा अर्थ लावायला लागणारे ज्ञान अजून कोणाजवळच नव्हते.

त्या ज्ञानाची एक कडी मात्र आधीच हाती आलेली होती. सिडनी रिंगर या लंडनच्या वैद्याने १८८२-८३ मध्ये बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून क्षारांच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग केले होते. पाणी नळाचे असताना हृदय चांगले चालले आणि शुद्ध केलेल्या पाण्यात ते थांबले, यावरून नळाच्या पाण्यात विरघळलेला चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, हृदयाच्या आकुंचनाला आवश्यक आहे असा निष्कर्ष त्याने काढला. आज सलाइनच्या बाटलीवर रिंगर लॅक्टेट हे नाव वाचणाऱ्या किती जणांना त्यामागची नळाच्या पाण्याची हकिकत ठाऊक असेल, हा भाग वेगळा.

मेल्टझर-आउअरच्या १९०५ च्या पहिल्या प्रयोगांनंतर प्रथम धनुर्वाताच्या रुग्णांवर हे मीठ वापरले गेले, आणि १९०६ मध्ये जर्मनीत हॉर्न याने ते एक्लॅम्प्सियात पाठीच्या कण्यात टोचून पाहिले. हा मार्ग धोक्याचा होता आणि तो मागे पडला. खरे वळण १९२५-२६ मध्ये अमेरिकेत आले, जेव्हा लॅझार्डने लॉस एंजेलिस येथे ते शिरेतून, तर डॉर्सेटने स्नायूतून देण्यास सुरुवात केली. लॅझार्डच्या मते हे क्षाराचे दाट द्रावण मेंदूची सूज ओढून घेत होते. डॉर्सेटपुढे धनुर्वाताचे उदाहरण होते, म्हणजे झटका हा प्रकारच त्याने सारखा मानला होता. दोघांचीही कारणमीमांसा आज टिकत नाही, आणि तरीही दोघांनी दिलेले औषध बरोबर होते, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे.

त्यानंतरचे काम डॅलस येथील पार्कलँड रुग्णालयात जॅक प्रिचर्ड यांनी केले. १९५५ मध्ये त्यांनी मॅग्नेशियमच्या मात्रा, रक्तातील प्रमाण आणि मूत्रपिंडावाटे होणारे उत्सर्जन यांचा हिशोब मांडला आणि १९८४ मध्ये २४५ एक्लॅम्प्सियाच्या स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला, ज्यांत केवळ एक माता दगावली होती. त्यांच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत आधी चार ग्रॅम मीठ हळूहळू शिरेतून आणि लगेच प्रत्येक कुल्ल्यात खोलवर पाच-पाच ग्रॅम दिले जाते, व पुढे दर चार तासांनी पाच ग्रॅम, आळीपाळीने एकेका बाजूला. भारतात हे औषध बहुधा दोन मिलिलिटरच्या आणि एक ग्रॅम मीठ असलेल्या काचेच्या नळ्यांत येते, तेव्हा पहिल्या हप्त्यासाठीच चौदा नळ्या फोडाव्या लागतात. शिरेतून द्यायच्या भागासाठी त्यांतील चार नळ्यांत बारा मिलिलिटर शुद्ध पाणी मिसळून द्रावण पातळ करतात, तर कुल्ल्यासाठी दहा-दहा मिलिलिटरच्या दोन सिरिंज शिगोशीग भरतात. हे इंजेक्शन चांगलेच दुखते, आणि शिरेतून औषध जात असताना अंगभर उष्णतेची लाट आल्याचे स्त्रिया सांगतात. पुढचा प्रत्येक हप्ता देण्यापूर्वी परिचारिका तीन गोष्टी पाहते: गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारली असता पाय उसळतो का, श्वास मिनिटाला सोळा तरी आहेत का, आणि गेल्या चार तासांत निदान शंभर मिलिलिटर लघवी झाली आहे का. या तीन प्रश्नांत मिठाची संपूर्ण क्रिया सामावलेली आहे, आणि ती उलगडण्यासाठी पेशीपटलाकडे वळावे लागते.

पेशीपटल हे स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचे इतके पातळ आवरण आहे की त्यातून विद्युतभार असलेले क्षारकण, म्हणजे आयन, आपणहून जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांची दारे असतात: काही उताराच्या दिशेने वाहू देणाऱ्या मार्गिका, तर काही चढाच्या दिशेने रेटणारे पंप. असा पहिला पंप ओळखण्याचा मान डेन्मार्कच्या आरहूस येथील येन्स स्कोउ यांच्याकडे जातो. १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंवर काम करताना त्यांना असे विकर सापडले जे सोडियम व पोटॅशियम दोन्ही असल्यावर जोमाने चालते, आणि तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेणारा हाच तो पंप होता, ज्याबद्दल त्यांना चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, नोबेल पारितोषिक मिळाले. या पंपाला ऊर्जा पुरवणारा एटीपी हा पदार्थ मॅग्नेशियमशी जोडलेला असल्याखेरीज वापरात येत नाही, म्हणजे एप्समच्या मिठाचा धातू प्रत्येक पेशीच्या दाराशी आधीपासूनच उभा असतो.

कॅल्शियमची गोष्ट मात्र उलट आहे. ते पेशीच्या आत बाहेरच्या तुलनेने दहा हजार पट कमी राखले जाते, आणि क्षणभर त्याचा लोंढा आत शिरला की स्नायू आकुंचन पावतो, मज्जातंतूच्या टोकातून संदेश सोडला जातो, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायू आवळून वाहिनी अरुंद होते. मॅग्नेशियमचा आयन आकाराने लहान असला तरी पाण्याचे रेणू आपल्याभोवती इतके घट्ट धरून ठेवतो की कॅल्शियमच्या मार्गिकेत तो अडकून बसतो. १९५४ मध्ये लंडनमध्ये देल कास्तिल्यो आणि कात्झ यांनी मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यावर मॅग्नेशियम कॅल्शियमची जागा अडवून संदेशाची मात्रा कमी करते हे दाखवले, आणि मेल्टझर-आउअरचा ससा अखेर समजला. १९८४ मध्ये पॅरिस आणि अमेरिका येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे असेही दाखवले की मेंदूतील ग्लुटामेट या उत्तेजक द्रव्याने उघडणारी एक मार्गिका, जिला एनएमडीए मार्गिका म्हणतात, तिच्या तोंडावर सामान्य स्थितीत मॅग्नेशियमचाच बोळा असतो. एक्लॅम्प्सियात हे मीठ नेमके मेंदूतील या बोळ्यावाटे, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून, की दोहोंच्या मिळून परिणामाने काम करते, याची वाटणी अजूनही ठरलेली नाही. मात्र गुडघ्याची उसळी का पाहायची हे ठरले. रक्तातील मॅग्नेशियमचे प्रमाण उपचाराच्या पातळीच्या पुढे गेले की प्रथम ती उसळी नाहीशी होते, आणि श्वासाचे स्नायू त्यानंतर थांबतात. मीठ बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे असल्यामुळे लघवी कमी झाली की मिठाची पातळी चढत जाते.

आयनांच्या आवकजावकीचा विचार गरोदरपणात केवळ उपचारापुरता राहिला नाही. मीठ कमी खाल्ल्याने सूज आणि दाब आटोक्यात राहील या समजुतीने कित्येक देशांत गरोदर स्त्रियांना अळणी खायला लावले गेले; १९५८ मध्ये लंडनच्या मार्गारेट रॉबिन्सन यांनी सुमारे दोन हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना मीठ वाढवण्यास आणि निम्म्यांना कमी करण्यास सांगून पाहिले, आणि मीठ वाढवणाऱ्यांतच आजार कमी दिसला. १९८० मध्ये बेलिझान आणि व्हिलार या लॅटिन अमेरिकी संशोधकांनी ग्वातेमालातील माया स्त्रियांमध्ये गरिबी असूनही एक्लॅम्प्सिया कमी का, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांचा मका दाखवला, जो दळण्यापूर्वी चुन्याच्या निवळीत शिजवला जातो आणि त्यामुळे रोजच्या भाकरीत कॅल्शियम उतरते. त्यातून निघालेल्या पुढील अभ्यासांच्या आधारे कॅल्शियम कमी खाल्ले जाणाऱ्या प्रदेशांत गरोदर स्त्रियांना ते गोळीने द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये केली. सोडियमच्या पंपाला अडवणारे डिजिटॅलिससारखे एखादे द्रव्य प्री-एक्लॅम्प्सियात शरीरच तयार करीत असावे, हा तर्कही १९८० च्या दशकात पुढे आला, आणि डिजिटॅलिसविरोधी प्रतिपिंड देऊन त्याची परीक्षा झाली. तिच्यातून मूत्रपिंडाच्या कामाबाबत काही आशादायक खुणा दिसल्या, परंतु उपचार म्हणून तो रूढ झाला नाही. २००३ नंतर वारेतून रक्तात येणाऱ्या आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करणाऱ्या प्रथिनांकडे लक्ष गेल्यामुळे ही वाट थोडी मागे पडली.

इतके सगळे हाती असताना एप्समचे मीठ मात्र अटलांटिकच्या एकाच काठावर अडकून राहिले होते. अमेरिकेत ते नित्याचे होते. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापर्यंत ते वापरणारे प्रसूतितज्ज्ञ मोजकेच होते. मज्जातंतुतज्ज्ञांचा आक्षेप असा की हे झटक्यांवरचे औषधच नव्हे. ते केवळ स्नायू लुळे करून झटका लपवते आणि मेंदूतील वादळ तसेच चालू राहते, म्हणून अपस्मारात सिद्ध झालेली डायझेपाम किंवा फेनिटॉइन द्यावी. हा आक्षेप वरवर अगदी शास्त्रीय दिसतो, आणि म्हणूनच तो अधिक घातक ठरला, कारण त्याने क्रियेची पटण्याजोगी रीत मागितली आणि खाटेवरील स्त्रियांची मोजदाद केली नाही. मोजदाद अखेर ऑक्सफर्डच्या लेलिया ड्यूली यांच्या समन्वयाने झाली, आणि ती प्रामुख्याने झटक्यांनी स्त्रिया मरत असलेल्या देशांत, ज्यांत भारतही होता, केली गेली. १९९५ मध्ये जाहीर झालेल्या या चाचणीत १,६८७ स्त्रिया होत्या; पुन्हा झटका येण्याचे प्रमाण डायझेपाम मिळालेल्यांत २७.९ टक्के, तर मॅग्नेशियम मिळालेल्यांत १३.२ टक्के भरले, आणि फेनिटॉइनशी तुलनेत हे आकडे १७.१ व ५.७ टक्के होते. २००२ मध्ये मॅगपाय नावाच्या चाचणीने ३३ देशांतील १०,१४१ प्री-एक्लॅम्प्सियाच्या स्त्रियांत मिठाची निष्क्रिय द्रव्याशी तुलना केली आणि झटके येणाऱ्यांची संख्या ९६ वरून ४० वर आली. १९९६ मध्ये ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आले होते.

भारतीय उपखंडात पुढचा प्रश्न मात्रेचा होता. प्रिचर्ड यांची मात्रा अमेरिकी स्त्रीच्या वजनाला बेतलेली होती, आणि चाळीस-पंचेचाळीस किलोच्या स्त्रीला तीच देणे धोक्याचे वाटत होते. ढाक्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून सुरुवातीला दहा ग्रॅम आणि पुढे दर चार तासांनी अडीच ग्रॅम अशी पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि सोलापूरच्या डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुमन सरदेसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय स्त्रियांसाठी बेतलेली कमी मात्रेची पद्धत २००३ मध्ये मांडली. सोलापूर जिल्ह्यात आणि शेजारच्या भागात दूरच्या खेड्यांतून बैलगाडी, टेम्पो किंवा एसटीने आलेल्या आणि अनेकदा वाटेतच झटके येऊन गेलेल्या स्त्रियांसाठी कमी मात्रा म्हणजे कमी देखरेखीत चालणारी मात्रा, असाही तिचा एक अर्थ होतो. शासनाच्या मार्गदर्शनानुसार आता उपकेंद्रातील परिचारिकेलाही दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम देऊन मग रुग्णाला पुढे पाठवण्याची मुभा आहे, आणि मॅगसल्फ हा शब्द प्रसूतिगृहाच्या रोजच्या बोलीत रुळला आहे.

ज्या ट्रेमध्ये मॅगसल्फच्या नळ्या आणि गुडघ्यावर मारायची हातोडी ठेवलेली असते, तिच्यातच दहा मिलिलिटर कॅल्शियम ग्लुकोनेटची एक नळीही असते. श्वास मंदावला तर ते शिरेतून हळूहळू सोडायचे, आणि मॅग्नेशियमने अडवलेली दारे उघडताना श्वास परत येतो का ते खाटेशी उभे राहून पाहायचे.